ट्रॅक्टरवरचा जनरेटर घेण्याआधी

वादळी वाऱ्याचे दिवस आले की लाइट जाते आणि ट्रॅक्टरवर चालणाऱ्या जनरेटरची चौकशी सुरू होते. सध्या तीन प्रश्न आले आहेत. रावेर तालुक्यातील केळी उत्पादक भाऊंकडे ४५ एचपीचा ट्रॅक्टर आणि बोअरमध्ये साडेसात एचपीची मोटर आहे. केवढा जनरेटर घ्यावा, असे ते विचारतात. साक्रीच्या ताईंना दूध थंड ठेवायचे आहे; त्यासाठी जनरेटरची वीज दोन्ही टोकांना पिन असलेल्या वायरने घराच्या सॉकेटमध्ये घाला, असे शेजारी सुचवतात. नवापूरच्या पोल्ट्रीवाल्या दादांना शेडचे पंखे चालवायचे आहेत.

भाऊ, ट्रॅक्टर पुरतो. इंजिन ४५ एचपीचे असले तरी पीटीओला, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागून अवजारे फिरवणाऱ्या शाफ्टला, साधारण ३८ एचपी मिळते. एका किलोवॉटमागे पीटीओचे दोन एचपी धरा, म्हणजे १८-१९ किलोवॉट आरामात निघतील. तुमची मोटर चालू झाल्यावर साडेसात-आठ किलोवॉटच ओढते. खरी अडचण चालू होताना येते. डायरेक्ट स्टार्टरवर मोटर त्या क्षणी सहापट करंट मागते, व्होल्टेज कोसळते आणि स्टार्टर सोडून देतो. स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर दोन टप्प्यांत चालू करणाऱ्या स्टार्टरने हा धक्का एक तृतीयांशावर येतो, पण बोअरमध्ये तीनच वायरी उतरल्या असतील तर स्टार-डेल्टा बसत नाही. तुमचे तसे असेल तर २० ते २५ केव्हीएचा (केव्हीए म्हणजे जनरेटरच्या क्षमतेचे माप) घ्या. दहा केव्हीए स्वस्त पडतो म्हणून दुकानदार गळ्यात मारेल, त्याच्या नादी लागू नका.

दुसरी गोष्ट रेसची. पीटीओ मिनिटाला ५४० फेऱ्यांवर फिरला की गिअरबॉक्समधून अल्टरनेटरला, म्हणजे वीज तयार करणाऱ्या भागाला, १५०० फेऱ्या मिळतात आणि विजेची फ्रिक्वेन्सी ५० हर्ट्झ निघते. बरेच जण नुसता व्होल्टमीटर पाहून रेस लावतात आणि तिथेच फसतात, कारण जनरेटरमधला एव्हीआर (आपोआप व्होल्टेज सांभाळणारा भाग) व्होल्टेज सावरतो, हर्ट्झ सावरत नाही. पीटीओ ४८६ वर उतरला तर ४५ हर्ट्झ राहतात. त्यावर पंप फिरतो, पण पाणी चढवण्याची ताकद सुमारे १९ टक्क्यांनी घटते. यावल-रावेरच्या खोल बोअरमध्ये एवढ्याने पाणी वर येईनासे होते आणि मोटर नुसती तापत राहते. म्हणून पॅनलवर फ्रिक्वेन्सी मीटर हवाच. मोकळ्या जनरेटरवर हॅण्ड रेसने ५२ हर्ट्झ लावा, लोड आल्यावर ते ५० च्या आसपास येतील. सर्वांत मोठी मोटर आधी चालू करा, बाकीचे मागून एकेक करून.

ताई, तुम्हाला शेजाऱ्यांनी सुचवलेली दोन्ही टोकांना पिन असलेली वायर आजच तोडून टाका. जनरेटरची वीज घराच्या सॉकेटमध्ये घातली की ती मीटरमधून डीपीकडे (गावच्या ट्रान्सफॉर्मरकडे) जाते आणि तिथे उलट्या दिशेने ११ हजार व्होल्ट होते. लाइन बंद आहे असे समजून खांबावर चढलेला वायरमन त्यात जातो. गावाचा लोड अंगावर येऊन जनरेटर आपोआप बंद पडेल, हा समजही खरा नाही. वादळात तार जवळच तुटलेली असेल तर तो मजेत चालत राहतो. एका वेळी लाइन किंवा जनरेटर यांपैकी एकच जोडणारा, दुसरे न्यूट्रलसकट तोडणारा चेंजओव्हर स्विच परवानाधारक वायरमनकडून बसवून घ्या. थ्री फेजला तो चार पोलचा लागतो. जनरेटरच्या बॉडीला अर्थिंग करा आणि पॅनलमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळाला की वीज तोडणारा स्विच) बसवा.

दादा, तुम्हाला मात्र मी नुसत्या ट्रॅक्टरवर विसंबू देणार नाही. बाजू उघड्या असलेल्या शेडला तो चालेल. बंदिस्त शेडमध्ये उन्हाळ्यात पंखे थांबले की पक्षी काही मिनिटांत गुदमरू लागतात, आणि ट्रॅक्टर स्वतःहून सुरू होत नाही. तिथे आपोआप सुरू होणारा जनरेटर आणि लाइट गेल्याचा भोंगा लागतो. ट्रॅक्टर दुसऱ्या फळीला ठेवा, आणि तोही शेडबाहेर, मोकळ्यावर. धुराला वास असतो, त्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला नसतो.

पीटीओचा शाफ्ट सेकंदाला नऊ वेळा फिरतो. त्यावरचे प्लास्टिकचे कव्हर काढून ठेवण्याची आपल्याकडे फार वाईट सवय आहे; उपरणे किंवा पदर गुंतला तर हात आवरायला वेळ मिळत नाही. जमीन सपाट बघा, शाफ्ट शक्यतो सरळ रेषेत ठेवा, हँडब्रेक ओढा आणि चाकांना ओंडके लावा.

खर्चाचे विचाराल तर लिटरभर डिझेलमागे अडीच-तीन युनिट पडतात. केळी करपू लागली असताना हे परवडते. कपाशीचे पाणी मात्र रात्रीच्या लाइटवरच भरा. आणि बंद करताना आधी लोड काढा, मग रेस कमी करा. लोडवरच रेस उतरवल्याने मोटरचे वाइंडिंग जळू शकते.