वाचकांचे प्रश्न : गुब्बिओला राहायलाच जा

मागच्या अंकात इटलीतल्या अंब्रिया प्रांतातल्या डोंगरगावांविषयी लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांमध्ये गुब्बिओबद्दलची विचारणा सर्वांत जास्त आहे, आणि याचा मला मनापासून आनंद झाला. मी पेरुज्यात राहते. तिथून गुब्बिओ चाळीसेक किलोमीटरवर आहे आणि सुट्टी मिळाली की माझे पाय तिकडेच वळतात. काही पत्रांना इथे उत्तरं देते.

आम्ही दोघं निवृत्त शिक्षक आहोत. असिसीहून टॅक्सीने गुब्बिओला जाऊन चार तासांत परत यायचं असं ठरवलंय. पत्नीचे गुडघे दुखतात. काय बघावं, काय सोडावं?

सर, सोडायचंच असेल तर ते चार तासांचं गणित सोडा आणि निदान दोन रात्री तिथे राहा. गुब्बिओ मोंते इन्जिनो या डोंगराच्या उतरणीवर टप्प्याटप्प्याने चढत गेलंय. दुपारी बसगाड्या भरून लोक येतात, संध्याकाळी निघून जातात. त्यानंतर पियाझ्झा ग्रांदेच्या कठड्याशी उभं राहिलात तर गाव तुमचंच असतं. हा चौक डोंगराच्या उतारावर प्रचंड कमानी उभारून त्यांच्या पाठीवर पेललेला आहे. एका बाजूला पालाझ्झो देई कोन्सोली हा चौदाव्या शतकातला प्रासाद, समोर मोकळी दरी.

ताईंच्या गुडघ्यांची फार काळजी करू नका. खालच्या गल्ल्यांतून चौकापर्यंत आणि पुढे कॅथीड्रलच्या पातळीपर्यंत सार्वजनिक लिफ्ट आहेत. पालाझ्झोच्या आत मात्र जिने आहेत, ते सावकाश चढा, कारण तिथे जे आहे ते जगात दुसरीकडे नाही. अंब्रियन भाषेतले सात कांस्यपट. इसवी सनापूर्वीच्या काळातले हे पट 1444 साली सापडल्याचं सांगतात आणि 1456 मध्ये नगराने ते विकत घेतले. कुठल्या देवतेला कोणता बळी, नगराला प्रदक्षिणा कशी घालायची, मंत्र कोणते म्हणायचे, चूक झाली तर विधी पुन्हा पहिल्यापासून कसा करायचा, हे सगळं त्यांवर कोरलंय. काही मजकूर उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या अंब्रियन लिपीत, काही लॅटिन लिपीत. तुम्ही दोघांनी आयुष्यभर शिकवलंय, तेव्हा त्या काचेसमोर तुमचा अर्धा तास कसा जाईल ते कळणार नाही.

उतरल्यावर गावाच्या पायथ्याचं रोमन नाट्यगृह बघा. तिथल्या हिरवळीवरून अख्खं गाव एका नजरेत दिसतं. सकाळी जा. आणि टॅक्सीऐवजी स्वतः गाडी चालवणार असाल तर जुन्या गावात बाहेरच्या गाड्यांना मनाई आहे, कॅमेरे आहेत, दंड घरपोच येतो. गाडी खाली क्वारांता मार्तिरी चौकाजवळ लावा. जून 1944 मध्ये जर्मन सैन्याने गोळ्या घातलेल्या चाळीस गावकऱ्यांचं नाव त्या चौकाला आहे. त्यांचं स्मारक गावाबाहेर थोड्या अंतरावर आहे, तिथेही दोन मिनिटं थांबा.

मुलं दहा आणि चौदा वर्षांची. चर्च आणि संग्रहालयं म्हटलं की तोंड वाकडं करतात.

मग पहिल्या सकाळी पोर्ता रोमानाजवळून रोपवे घ्या. इथे बंद डबा नसतो, दोघांना उभं राहता येईल एवढे उघडे पिंजरे असतात. ते थांबत नाहीत. जमिनीवर खूण केलेल्या जागी उभं राहायचं, कर्मचारी तुम्हाला चालत्या पिंजऱ्यात चढवतात आणि दार लावतात. झाडांच्या शेंड्यांवरून सहाएक मिनिटांत गावाचा रक्षक संत उबाल्दो याच्या बाझिलिकेपाशी, म्हणजे मोठ्या चर्चपाशी, पोहोचता. उतरताना पिंजरा सोडा आणि नागमोडी वाटेने चालत या. हवा बिघडली तर रोपवे बंद ठेवतात, म्हणून हे काम शेवटच्या दिवसावर टाकू नका.

दुपारी बार्जेल्लोचा कारंजा. त्याला तीन फेऱ्या मारायच्या, कुणा गावकऱ्याने अंगावर पाणी शिंपडायचं, की गुब्बिओचे ‘मानद वेडे’ म्हणून परवाना मिळतो. धाकट्याला हे नक्की आवडेल. थोरल्यासाठी एक दिवस मोंते कुक्को उद्यानाचा ठेवा. उन्हाळ्यात वाटाड्यांसोबत तिथल्या गुहेत जाता येतं. उभ्या लोखंडी शिडीने खाली उतरावं लागतं आणि बाहेर कितीही ऊन असलं तरी आत कडाक्याची थंडी असते, तेव्हा जाड कपडे हवेतच. वयाची अट आधी विचारून घ्या.

ताई, मी भूगर्भशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. डायनासोर नाहीसे झाले तो थर गुब्बिओला प्रत्यक्ष बघता येतो असं वाचलं. सहज पोहोचता येतं का?

येतं, आणि तुझं पत्र वाचून मी खुर्चीत सरळ बसले. गावातून स्केज्जाकडे जाणारा रस्ता बोत्ताच्चोने घळीत शिरतो. चालत अर्ध्या तासाच्या आत तू तिथे असशील. रस्त्याच्या कडेला लालसर चुनखडकाचे तिरपे थर उघडे पडले आहेत. हा सगळा एके काळचा समुद्रतळ. त्यात साधारण एक-दोन सेंटिमीटर जाडीची चिकणमातीची रेघ आहे, तोच तू विचारलेला थर. तिच्या खालचा चुनखडक फिकट, वरचा लाल.

सोबत भिंग ने. रेघेच्या खालच्या दगडात वाळूच्या कणाएवढे फोरामिनिफेरा, म्हणजे समुद्रातल्या एकपेशीय जीवांची कवचं, दिसतात. वरच्या दगडात ते शोधून सापडत नाहीत, उरले ते अगदी बारीक. भूगर्भशास्त्रज्ञ वॉल्टर अल्वारेझ 1970 च्या दशकात इथे खडकांमधली चुंबकीय नोंद अभ्यासायला आले होते. ही रेघ साचायला किती काळ लागला, हा प्रश्न त्यांनी वडिलांना, म्हणजे नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ लुईस अल्वारेझ यांना घातला. अवकाशातून सतत पडणाऱ्या धुळीतलं इरिडियम, म्हणजे पृथ्वीच्या कवचात दुर्मीळ असलेला एक धातू, मोजून काळ काढू, असा वडिलांचा विचार. फ्रँक असारो आणि हेलन मिशेल यांनी मोजलं, तर इरिडियम आजूबाजूच्या थरांपेक्षा सुमारे तीस पट निघालं. धुळीने एवढं साचणं शक्य नव्हतं. सुमारे दहा किलोमीटर व्यासाचा लघुग्रह आदळला असावा, हा त्यांचा निष्कर्ष 1980 मध्ये प्रसिद्ध झाला. मेक्सिकोतल्या युकातान द्वीपकल्पाखालचं विवर हाच तो घाव, हे 1991 मध्ये मांडलं गेलं. त्याच सुमारास, 6.6 कोटी वर्षांपूर्वी, दख्खनचा बेसॉल्ट उसळत होता आणि त्या ज्वालामुखींचा वाटा किती यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. तू ज्या खडकावर लहानाची मोठी झालीस तो या वादातला दुसरा पक्षकार आहे. म्हणून तू तिथे जायलाच हवंस.

एक कळकळीची विनंती. त्या मातीत बोट घालू नकोस, नमुना काढू नकोस. आठवण म्हणून चिमूट-चिमूट नेणाऱ्यांनी रेघ आत पोखरत नेली आहे. फोटो काढ, माप घे, वहीत रेखाटन कर. परतताना घळीच्या दुसऱ्या अंगाला मध्ययुगीन पाटाच्या कडेने पायवाट आहे. घळीतलं पाणी याच पाटाने गावात येई. वाट जवळजवळ सपाट आहे. ती खुली आहे की नाही ते पर्यटन कार्यालयात विचारून निघ.

गुब्बिओ ते असिसी चालत जाता येतं का?

अवश्य. अंतर 45 ते 50 किलोमीटर, चढउतार भरपूर, म्हणून तीन दिवस ठेवा. शेवटचा मुक्काम वाल्फाब्रिकात. असिसीच्या संत फ्रान्सिसने वडिलांची संपत्ती नाकारली आणि 1206–07 च्या हिवाळ्यात याच मुलखातून गुब्बिओ गाठलं. वाटेत लुटारूंनी मारलं, एका मठात त्याने स्वयंपाकघरातली कामं केली आणि गुब्बिओत स्पादालोंगा कुटुंबाने त्याला अंगावर घालायला कपडे दिले. त्या घराच्या जागी आज त्याच्या नावाचं चर्च आहे, तिथूनच चालायला सुरुवात करा. खुणा पिवळ्या-निळ्या रंगाच्या. मधे दुकानं जवळपास नाहीत, पाणी आणि खाणं पाठीवर हवं. एप्रिल-मे किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर उत्तम. ऑगस्टमध्ये नको.

माझे आजोबा मराठा लाइट इन्फंट्रीत होते. माणगावला नाईक यशवंत घाडगे यांचा पुतळा आहे. ते इटलीत धारातीर्थी पडले. ती जागा तुमच्या भागात आहे का?

आहे. गुब्बिओहून पश्चिमेला, उंबेर्तिदेच्या पुढे तिबेर नदीचं वरचं खोरं लागतं. तिथे 10 जुलै 1944 रोजी पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या तिसऱ्या बटालियनची एक कंपनी शत्रूच्या ठाण्यावर चालून गेली. नाईक घाडगे यांच्या तुकडीवर अगदी जवळून मशीनगन धडाडली आणि त्यांच्याखेरीज सगळे ठार किंवा जखमी झाले. मागे कोणी उरलेलं नाही हे माहीत असूनही ते एकटे त्या मशीनगनच्या ठाण्यावर धावून गेले. ग्रेनेड फेकून त्यांनी गन बंद पाडली, एकाला टॉमीगनने टिपलं आणि गोळ्या भरायला वेळ नाही म्हणून बंदूक नळीकडून धरून उरलेल्या दोघांना तिच्या घावांनी मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. वय 22. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर सापडलेली नाही, नाव कासिनोच्या स्मारकावर आहे.

मोंतोने या टेकडीवरच्या छोट्या गावात 2023 च्या जुलैमध्ये त्यांचं स्मारक उभं राहिलं. ते सूर्यघड्याळाच्या रूपात आहे आणि आपण सारे एकाच सूर्याखाली राहतो, असं त्याचं ब्रीद आहे. गुब्बिओहून गाडीने तासाभराच्या आत पोहोचता. बसवर विसंबू नका. मोंतोने गाव स्वतःही देखणं आहे, तटावरून खोऱ्याचा मोठा पट्टा दिसतो आणि त्या चढांवर आपली मुलं उन्हाळ्यात काय ओझं घेऊन चढली असतील ते समजतं. आजोबांचा फोटो असेल तर बरोबर घेऊन जा. इथून जाणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने मोंतोनेला जावं असं मला फार वाटतं.

शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

नाही. क्रेश्या ही गुब्बिओची जाड भाकरी पालेभाजी किंवा चीज घालून मागा. त्यात स्ट्रुत्तो, म्हणजे डुकराची चरबी, नाही ना एवढं विचारा. ट्रफलची पास्ता मिळते, कडधान्यांची सुपं मिळतात, पण रस्सा मांसाचा नाही याची खात्री करून घ्या. दुपारचं जेवण अडीचनंतर आणि रात्रीचं साडेसातच्या आत बहुतेक ठिकाणी मिळत नाही.

15 मेच्या उत्सवाला यावं का? आमच्यासोबत चार वर्षांची नात आहे.

तुम्ही या, नातीला गर्दीपासून लांब ठेवा. त्या दिवशी संत उबाल्दो, संत जॉर्ज आणि संत अंतोनिओ यांचे तीन ‘चेरी’, म्हणजे जवळपास तीनशे किलो वजनाचे लाकडी स्तंभ, खांद्यांवर घेऊन गावकरी धावतात. दुपारी पियाझ्झा ग्रांदेत ते उभे करतात, संध्याकाळी सहाच्या सुमारास धाव सुटते आणि गल्ल्यांतून डोंगरावरच्या बाझिलिकेपर्यंत जाते. पहिला मान उबाल्दोचा, कुणी कुणाला मागे टाकत नाही. आपला स्तंभ न पडता, ताठ, शेवटपर्यंत नेण्यात अभिमान असतो. अंब्रियाच्या ध्वजावरही हेच तीन स्तंभ आहेत. पालाझ्झोवरची 1769 सालची मोठी घंटा त्या दिवशी वाजते, आणि ती वाजवणारे दोरी न ओढता पायांनी ढकलून ती हलवतात.

चौकात दुपारी माणसाला माणूस चिकटलेला असतो, स्तंभ खेटून जातात तेव्हा मागे सरकायला जागा नसते. तुमच्यापैकी एकाने नातीला घेऊन खाली नाट्यगृहाजवळच्या मोकळ्या भागात थांबावं, दुसऱ्याने बघून यावं. खोली काही महिने आधी घ्या. ती मिळाली नाही तर जूनमध्ये या, तेव्हा तिन्ही स्तंभ बाझिलिकेत परत ठेवलेले असतात आणि नातीला अगदी जवळून दाखवता येतील.