सात वर्षांच्या मुलीला घेऊन ऑक्टोबरच्या थंडीत डार्टमूरवर तंबूत राहावं का?

तुम्ही लिहिलंय की इंग्लंडमध्ये एक्झिटरला येऊन दोन वर्षं झाली, मुलगी सात वर्षांची आहे, ऑक्टोबरअखेरच्या शाळेच्या सुट्टीत तिला घेऊन डार्टमूरच्या माळावर एक रात्र तंबूत काढायची आहे, आणि घरचे म्हणतायत की पोर गारठून जाईल. माझा मुलगा सहा वर्षांचा असताना मी त्याला घेऊन गेले होते, आम्ही दोघंच. दोनदा गेलो. पहिल्यांदा रात्री साडेनऊला तंबू गुंडाळून परत आले. तरीही माझं उत्तर 'जा' असंच आहे, पण आधी ती फसलेली रात्र सांगते, कारण मी जे काही शिकले ते तिथेच.

डार्टमूरवरच्या प्रिन्सटाउन गावात गाडी लावली आणि दक्षिणेकडे नन्स क्रॉस या जुन्या दगडी क्रूसाकडे जाणारी रुंद, खडीची वाट धरली. साउथ हेसरी टॉर मागे पडलं. टॉर म्हणजे टेकडीच्या माथ्यावर उघडी पडलेली ग्रॅनाइटची रास. पोरांना चढायला याहून चांगलं काही नाही. चिरंजीव खुशीत होते. वाट सोडून तंबूची जागा बघत असताना एका ठिकाणी हिरवंगार, मऊ गवत दिसलं म्हणून त्याने पाय टाकला, तो पोटरीपर्यंत आत. मी ओढून काढलं, बूट उलटा करून पाणी ओतलं, मोजा पिळला आणि तोच पुन्हा पायात घातला. म्हटलं, आता दहा मिनिटांत तंबू लागेलच, मग बदलू. तंबू लागला, अंधार पडला, चूल पेटली, खाणं झालं. मोजा डोक्यातून पार गेला. स्लीपिंग बॅगेची चेन मीच गळ्यापर्यंत ओढली.

साडेआठला अंधारात आवाज आला, "आई, माझा पाय कुठे आहे?"

हात घालून बघते तर पाऊल फ्रीजमधून काढलेल्या काकडीसारखं. मोजा तसाच ओला, बॅगेचा तळही ओला. मी स्वेटर वर करून त्याचं पाऊल सरळ माझ्या पोटाला लावलं. (माझी किंकाळी शेजारच्या मेंढ्यांनी ऐकली असणार.) अर्ध्या तासाने पाय ऊबदार झाला, पण बॅग काही वाळणार नव्हती आणि वाराही वाढत होता. वाट रुंद, गाडी पाऊण तासावर, दोघांच्या डोक्याला टॉर्च. निघालो. त्याला वाटलं हाही बेताचाच भाग आहे. आजही तो सांगताना 'आपण रात्री चाललो होतो' हेच आधी सांगतो.

म्हणजे थंडीने नाही, ओलीने परत पाठवलं. डार्टमूरवरचा पाऊस समुद्रावरून येतो आणि खाली जे पीट (अर्धवट कुजलेल्या वनस्पतींची काळी माती) आहे, ते वर्षभर स्पंजासारखं पाणी धरून बसतं. आपल्याला सह्याद्रीची सवय. तिथे पावसात भिजलो तरी गुहेत किंवा देवळात पाठ टेकायला कोरडी फरशी मिळते. इथे कोरडं असं काही नसतंच, कोरडं ते तुम्ही पिशवीत बांधून नेलं तेवढंच. म्हणून आता माझा नियम: झोपायचे कपडे, मोजे आणि कानटोपी एका वेगळ्या, तोंड घट्ट बांधलेल्या पिशवीत. ती तंबू लागल्यावरच उघडायची, आणि बॅगेत शिरण्याआधी अंगावरचं सगळं उतरवून हेच घालायचं. मुलं 'मला काही झालं नाही' म्हणतात. हात लावून बघा.

दुसरी गोष्ट घरचे विचारत नाहीत, पण मला तीच सगळ्यात मोठी वाटते: रात्रीची लांबी. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं मागे जातात. त्यानंतर सूर्य पाचच्या आत मावळतो आणि सातच्या सुमारास उगवतो. म्हणजे चौदा तास. तुमची मुलगी दहा-अकरा तास झोपेल, उरलेले तीन-चार तास एका ताडपत्रीच्या खोलीत बसून काढायचे आहेत. आम्ही दुसऱ्या वेळी पत्त्यांचा जोड, एक जास्तीची टॉर्च आणि गोष्टी नेल्या होत्या. भिकार-सावकार तीन वेळा झालं. जमलं तर घड्याळं बदलायच्या आधीचा शनिवार गाठा. संध्याकाळी एक तास जास्त उजेड मिळतो, तंबू लावायला तोच लागतो.

आता ऊब. लहान मुलांच्या त्वचेचं क्षेत्र वजनाच्या मानाने जास्त असतं, त्यामुळे ती आपल्यापेक्षा लवकर निवतात. त्यात प्रिन्सटाउन साधारण 430 मीटरवर आहे, म्हणजे खाली प्लिमथपेक्षा हवा दोन-तीन अंशांनी थंड, वारा तर विचारूच नका. स्लीपिंग बॅगेवर जे तापमान छापलेलं असतं ते मोठ्या माणसांवरून काढलेलं असतं, मुलांना ते लावू नका. जो 'कम्फर्ट' आकडा दिसेल, त्याहून चार-पाच अंश गरम हवेपर्यंतच ती बॅग मुलीला पुरेल असं धरा. मुलीला मोठ्यांची बॅग देणार असाल तर पायाकडचा रिकामा भाग दुमडून वरून नाडीने बांधा, नाहीतर तेवढी हवा तापवत ती रात्रभर कुडकुडेल. आणि बॅगेपेक्षाही खालच्या मॅटवर पैसे खर्च करा. ऊब जमीन ओढून घेते. आम्ही खाली साधी फोमची मॅट, तिच्यावर हवेची मॅट घालतो. झोपताना गरम पाण्याची बाटली, झाकण दोनदा तपासून, मोज्यात घालून पायाशी. मध्यरात्री शू लागली की मूल आळसाने दाबून ठेवतं आणि त्यामुळे झोप उडते. आमच्याकडे त्यासाठी रुंद तोंडाचा डबा असतो. खुणेचं लाल रिबीन बांधलेला, कारण दुसरा तसाच डबा शेंगदाण्याच्या लाडवांचा होता.

जेवणात हौस करू नका. मी घरून रवा भाजून, फोडणी घालून कोरडा उपमा डब्यात नेते. उकळतं पाणी ओतायचं, झाकायचं, पाच मिनिटं थांबायचं. गॅसचा डबा नुसत्या ब्युटेनचा घेऊ नका, शून्याच्या आसपास तो वायू व्हायला नकार देतो. प्रोपेन मिसळलेला घ्या. ओढ्याचं पाणी कितीही नितळ दिसलं तरी उकळा, वरच्या अंगाला मेंढ्या आणि तट्टं आहेत. आणि एक गोष्ट हट्टाने सांगते: चूल, हीटर, बार्बेक्यू, काहीही पेटलेलं किंवा विझत आलेलं तंबूच्या आत आणायचं नाही. कितीही पाऊस असो. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि माणसं तंबूत झोपेतच जातात.

कायद्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण घरच्यांना सांगायला उपयोगी पडेल. इंग्लंडमध्ये एरवी असं रानात राहायला जमीनमालकाची परवानगी लागते. डार्टमूरच्या सामायिक माळांवर मात्र 1985च्या कायद्याने लोकांना पायी फिरण्या-रमण्याचा हक्क दिलाय. त्यात रात्र काढणं येतं का, यावर एक जमीनमालक कोर्टात गेला. जानेवारी 2023मध्ये हाय कोर्टाने 'नाही' म्हटलं, जुलैमध्ये अपील कोर्टाने 'हो', आणि मे 2025मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने तो हक्क कायम ठेवला. पण सगळाच डार्टमूर खुला नाही. राष्ट्रीय उद्यानाच्या संकेतस्थळावर नकाशा आहे, जागा त्यात बसते का ते बघा. पाठीवर मावेल एवढाच तंबू, रस्त्यापासून लांब, शेकोटी अजिबात नाही, एक किंवा दोन रात्री. उत्तरेकडे लष्कराच्या गोळीबाराच्या हद्दी आहेत. दिवसा लाल झेंडा, रात्री लाल दिवा दिसला की आत जायचं नाही. वेळापत्रक आधी जाहीर होतं. मुलीसोबत पहिल्या खेपेला तिकडे जाऊच नका.

धोका कसा ओळखायचा? मूल किरकिर करतंय, कुडकुडतंय तोवर खायला द्या, कपडे वाढवा. ते गप्प झालं, अडखळायला लागलं, लाडू नको म्हणालं, कुडकुडणंही थांबलं, की मात्र वेळ घालवू नका. कोरडे कपडे घालून तुमच्याच बॅगेत कुशीत घ्या आणि 999ला (इथला आपत्कालीन क्रमांक) फोन करून पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातलं बचाव पथक, मागा. रेंज जेमतेमच असते. त्याच क्रमांकाला मेसेज पाठवायची सोय आहे, तिची नोंदणी घरूनच करून ठेवा. मुलीच्या गळ्यात शिट्टी: मिनिटाला सहा फुंका, मग एक मिनिट थांबायचं.

हवामानात मी तापमान सगळ्यात शेवटी बघते. शून्य अंश, आकाश निरभ्र, वारा पडलेला असेल तर मजेत रात्र जाते. आठ अंश, पाऊस आणि सुसाट वारा असेल तर घरी भजी करा. धुकं सांगितलं असेल तरीही. नन्स क्रॉसचा तो जुना दगडी क्रूस माणसाहून उंच आहे, पण दाट धुक्यात वीस पावलांवरून दिसत नाही, आणि त्याच्या पूर्वेला फॉक्स टॉरची दलदल आहे.

दुसऱ्या खेपेला आम्ही त्याच वाटेने गेलो, गाडीपासून पाऊण तासाच्या आतच थांबलो. रात्री बारा-एकच्या सुमारास तंबूबाहेर फर्र फर्र आवाज झाला, माझ्या छातीत धस्स झालं. तट्टू होतं, दोरीपाशी गवत खात. सकाळी चेन उघडली तर बाहेरचं कापड पांढरं पडलेलं. चिरंजीवांनी बोट फिरवलं, चाटून पाहिलं आणि म्हणाले, "साखर नाहीये."

त्याचे मोजे कोरडे होते. मी आधी तेच पाहिलं.