‘द ब्लड ऑफ डॉनवॉकर’ या व्हॅम्पायरच्या गेमचा आत्तापर्यंत दाखवलेला गेमप्ले कसा वाटला? ३० दिवसांच्या मुदतीमुळे सगळा खेळ घाईघाईत उरकावा लागेल का? घ्यावा का?

नाही, घाई करावी लागणार नाही. एवढं सांगून थांबलो असतो, पण २०२५च्या जूनमध्ये या गेमचा मोठा गेमप्ले व्हिडिओ आला तेव्हा माझ्या थोरल्या भावानेही मला नेमकं हेच विचारलं होतं. विचारलं कसलं, निकालच दिला: "३० दिवसांची मुदत? मग आपण नाही खेळत." तेव्हापासून माझं डोकं फिरलंय, त्यामुळे उत्तर लांबणार.

मुदतीचं आधी सांगतो. यात घड्याळ आपोआप टिकटिकत नाही. व्हेल सांगोराच्या खोऱ्यात तुम्ही तासभर नुसते रानोमाळ हिंडलात तरी वेळ जागच्या जागी. कथेतलं एखादं काम अंगावर घेतलं की दिवसाचा एक तुकडा जातो, आणि किती जाणार ते आधी दिसतं. म्हणजे हे परीक्षेच्या हॉलमधलं घड्याळ नाही, महिन्याचा पगार आहे. गेमचा नायक कोएन, त्याच्या घरच्यांना सोडवायला ३० दिवस आणि ३० रात्री हातात आहेत, त्या कशावर घालवायच्या ते तुमचं तुम्ही बघा. एका फेरीत सगळं बघून होणार नाही. व्हायलाच नको.

हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो? हा गेम करतोय वॉर्साचा रेबेल वुल्व्ह्ज हा स्टुडिओ, आणि दिग्दर्शक आहे ‘विचर ३’वाला कोनराड टोमाश्केविच. ‘विचर ३’ माझ्या जिवाभावाचा गेम, पण त्यातला एक खोटेपणा मला शेवटपर्यंत पचला नाही. नायक गेरॉल्टला लेकीसारखी असलेली सिरी, तिच्या मागे वाइल्ड हंट ही भुताळी स्वारांची टोळी लागलीय, आता क्षणभरही थांबू नकोस असं जो तो सांगतो, आणि आपला गेरॉल्ट खानावळीत बसून ग्वेंटचे पत्ते पिसतोय. महिना लावा, दोन महिने लावा, सिरी थांबते. बिचारी कितीही थांबते. त्याच माणसाने आता मुदत घातलीय, म्हणजे ते त्यालाही कुठेतरी टोचलं असावं, असा माझा समज.

आता दादाचं.

‘व्हॅम्पायर: द मॅस्करेड – ब्लडलाइन्स’ हा जुना गेम नोव्हेंबर २००४मध्ये आला, नेमका ‘हाफ-लाइफ २’ या गाजलेल्या गेमच्याच दिवशी, आणि तो बनवणारी ट्रॉइका त्यानंतर काही महिन्यांतच बंद पडली, हे तुम्हाला ठाऊक असणारच. आमच्याकडे तो २००६च्या उन्हाळ्यात पोचला, भुसावळला. मामेभावाने लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या सीड्या. (पुढे नोकरी लागल्यावर रीतसर विकत घेतला, पाप फिटलं.) ५१२ एमबी रॅम, बाहेर पंचेचाळीस अंश, आणि लोडशेडिंग. गच्चीवरून दीपनगरच्या चिमण्या दिसायच्या आणि खाली घरात लाइट नाही. लाइटचं वेळापत्रक आईने फ्रिजवर चिकटवलेलं. उरलेल्या वेळातले दोन तास गेमला, एक दादाचा, एक माझा. कॅरेक्टर एकच, ब्रूहा कुळातला व्हॅम्पायर. सेव्हही एकच, कारण दादाच्या मते दोघं वेगवेगळे खेळलो तर कोणाचाच गेम संपणार नाही. आणि त्या एका तासातली दहा-पंधरा मिनिटं नुसता लोडिंगचा पडदा बघण्यात जायची.

त्यात सांता मोनिकाच्या दवाखान्यात हेदर नावाची पोरगी शेवटच्या घटका मोजत पडलेली भेटते. माझ्या पाळीत मी तिला आपलं रक्त पाजलं आणि वाचवलं. त्या रक्ताने ती कायमची बांधली जाते. आपल्या घरी येऊन राहते, पैसे आणून देते, एकदा तर मालकाला भूक लागली असेल म्हणून एका माणसाला बाथरूममध्ये आणून ठेवते. मी नुकती नववी दिलेला पोरगा. ते बघून पोटात कालवलं. ठरवलं की हिला सांगायचं, बाई, तू जा, तुझं आयुष्य बघ. संवादात तसा पर्याय आहे.

दादा म्हणाला, थांब. त्याने कॅफेतून वॉकथ्रूचे, म्हणजे गेम कसा पार करायचा त्या माहितीचे, प्रिंटआउट आणले होते. हेदरला आणखी थोडे दिवस ठेवली तर ती एक भारी चिलखत आणून देते असं त्यात होतं. "चिलखत घेऊ, मग घालवू." मी ऐकलं नाही. संध्याकाळी माझ्या पाळीत घरी गेलो, तिला निरोप दिला, ती गेली, आणि सेव्हच्या बटणावर बोट न्यायच्या आत लाइट गेली. वेळापत्रकात ती वेळ नव्हतीच. यूपीएसची बॅटरी कधीचीच मेलेली, ते फक्त बोंब मारायचं.

लाइट आली रात्री अकराला. मी झोपलेलो. दादाने जुन्या सेव्हवरून सुरू केलं, हेदरला ठेवून घेतलं, चिलखत घेतलं, पुढे खेळला, त्याच सेव्हवर सेव्ह केलं. सकाळी मी गेम उघडला तर घर रिकामं. तिला वेळेत घालवलं नाही तर सॅबॅटवाले, म्हणजे शत्रू टोळीचे व्हॅम्पायर, मारतात. हे पुढच्याच पानावर लिहिलेलं होतं. ते पान दादाने छापून आणलं नव्हतं, पैसे वाचवले म्हणे.

मी दोन दिवस त्याच्याशी बोललो नाही. आईने विचारलं, "ही हेदर कोण?" दादा म्हणाला, "कोणी नाही."

ते ‘कोणी नाही’ मी अजून विसरलेलो नाही. वीस वर्षं होत आली, दरवर्षी दिवाळीत हा विषय निघतो, आणि दरवर्षी त्याचं एकच: लाइट गेली नसती तर वाचली असती, यात माझा काय दोष. म्हणूनच मुदतीचा गेम दिसला की तो चवताळतो. त्याला वाटतं वेळ म्हणजे बाहेरून येऊन गळा धरणारी गोष्ट. अहो, ‘ब्लडलाइन्स’मध्ये मुदत नव्हतीच! उगवतच नाही तिथे दिवस. तरी ती मेली, कारण "आत्ता नको, नंतर" यालाही किंमत असते आणि ती त्या गेमने लपवून ठेवली होती. ‘डॉनवॉकर’ ती किंमत आधीच फळ्यावर लिहितोय. आता दादाला लाइटवर ढकलता येणार नाही, खरी पोटदुखी ही आहे.

असो. तुम्ही गेमप्लेबद्दल विचारलं होतं.

काळ १३४७चा, कार्पेथियन डोंगरातलं कल्पित खोरं, काळ्या प्लेगची साथ, आणि सत्ता ब्रेन्सिस या व्हॅम्पायरच्या हाती. कोएन दिवसा माणूस, रात्री व्हॅम्पायर. व्हिडिओतला चर्चचा भाग बघा. तेच काम दिवसा करायचं तर तलवार आणि बोलणं, रात्री करायचं तर सरळ भिंतीवरून चालत वर. दोन वाटा खरोखर वेगळ्या वाटल्या, एकाच वाटेला दोन रंग फासलेत असं नाही. यातला सर्वांत चांगला भाग भुकेचा. रक्त कमी असेल तर ज्याच्याशी बोलायला गेलात त्याचाच गळा धरायची वेळ येते, मग तो कामाचा माणूस का असेना. २०१८च्या ‘व्हॅम्पायर’ नावाच्या गेममध्ये, तो १९१८च्या लंडनमधल्या डॉक्टरचा, माणसं मारली की अनुभवाचे गुण भरपूर मिळायचे. तो मोह हिशोबाचा होता. दादासारखी माणसं तिथे बरोबर चिलखतं गोळा करत बसतात. भुकेला हिशोब कळत नाही, म्हणून मला हे जास्त आवडलं.

मारामारी मात्र फार भावली नाही. दिशा धरून वार करायचा, दिशा धरून अडवायचा, कल्पना ठीक. पण एक शत्रू लढतोय आणि बाकीचे रांगेत उभे, हे २०२५मध्ये बघवत नाही. दिवसाच्या लढाया जड वाटल्या, रात्रीच्या बऱ्या.

आणि हो, हे सगळं मी त्यांनीच निवडून, घासूनपुसून दाखवलेल्या तुकड्यांवरून बोलतोय. माझ्या हातात कंट्रोलर नव्हता. ‘ब्लडलाइन्स २’ची घोषणा २०१९ची, २०२१मध्ये स्टुडिओ बदलला, आणि गेम आला ऑक्टोबर २०२५मध्ये. पहिल्या ट्रेलरवर नाचलेले आम्ही तोवर टकले झालो होतो. तेव्हा प्री-ऑर्डर करू नका. २०२६मध्ये येईल, लोकांना आठवडाभर खेळू द्या, मग घ्या. गेम अनरियल ५ या जड इंजिनवर आहे, जुनं ग्राफिक्स कार्ड असेल तर आणखी थांबा. नोकरी सांभाळून खेळणार असाल तर उलट हा गेम बरा, सेव्ह करून महिनाभर आला नाहीत तरी कोएनची एक रात्रही कमी होत नाही.

राहिलं ते चिलखत. दादाने ते एकदाही घातलं नाही, "शेवटच्या लढाईला वापरू" म्हणून राखून ठेवलं होतं. जूनच्या पहिल्या पावसात लाइट चारदा गेली-आली आणि हार्ड डिस्क उडाली.