जर्मनीच्या गेपार्ड वर्गाच्या क्षेपणास्त्र नौका आधीच्या आल्बाट्रोस वर्गापेक्षा वेगळ्या कशा होत्या, आणि त्या निवृत्त का केल्या?

मुख्य फरक मागच्या डेकवर दिसतो. आल्बाट्रोसवर (टाइप 143) 76 मिमीच्या दोन तोफा आणि मागे तोंड केलेल्या दोन टॉर्पेडो नळ्या होत्या. गेपार्डवर (टाइप 143ए) पुढची तोफ तेवढी राहिली. मागच्या तोफेच्या जागी नंतर येणारी क्षेपणास्त्रं हवेतच पाडणारा, 21 क्षेपणास्त्रांचा 'रॅम' लाँचर बसला आणि टॉर्पेडोऐवजी सुरुंग टाकायचे रूळ आले. जहाजांवर मारा करायला चार एक्झोसेट क्षेपणास्त्रं दोन्ही वर्गांत होतीच. माझ्या मते हा बदल योग्यच होता, कारण अंगावर येणारं क्षेपणास्त्र पाडणं ही अशा नौकेची खरी अडचण.

सांगाड्याला लाकडी फळ्या जडवलेल्या असत. लाकडाला चुंबकत्व नाही, त्यामुळे चुंबकीय सुरुंगांचा धोका कमी. एमटीयू कंपनीची चार डिझेल इंजिनं, नौका ढकलणारे चार पंखे (प्रोपेलर), वेग सुमारे 40 नॉट (ताशी सुमारे 74 किमी).

पण बांधणी उथळ बाल्टिक समुद्रासाठी होती, किनाऱ्यालगत चटकन मारा करून परतण्यासाठी. हेलिकॉप्टर नाही, जागा अपुरी, इंधन-रसदीला सोबत टेंडर, म्हणजे पुरवठा करणारं जहाज हवंच. शीतयुद्धानंतर मोहिमा लेबनॉनपर्यंत गेल्या, तिथे हे सगळं नडलं. शेवटच्या नौका नोव्हेंबर 2016 मध्ये जर्मनीतल्या वार्नेम्युंडे बंदरात सेवेतून काढल्या. त्यांचं काम त्यांच्याहून मोठ्या के130 कॉर्व्हेट युद्धनौकांकडे गेलं.