गोठ्यात सापडलेली दांड्याची चकती ही बंडीच्या चाकाची धाव मोजायची आहे

भाऊ, तुमचे फोटो मोठे करून नीट पाहिले. नागपूर जिल्ह्यातल्या काटोलकडच्या आजोबांच्या गोठ्यात आढ्याला खोचलेली निघाली, चकती साडेसात इंचाच्या आसपास, मधे रिवेट, वीतभर दांडा, कडेला एकच खाच आणि चकती अजून फिरते, असं तुम्ही लिहिलंय. कोणी तुम्हाला शंकरपाळ्याचं कातण सांगितलं, कोणी चामडं कापायचं, कोणी कपाशी टोबायला, म्हणजे ठरावीक अंतरावर बी लावायला, अंतर मोजायचं चाक. माझं मत विचाराल तर हे लोहाराचं अवजार आहे, बंडीच्या, म्हणजे बैलगाडीच्या, लाकडी चाकावर धाव म्हणजे लोखंडी पट्टा चढवायच्या आधी मोजमाप घ्यायचं. नेटवर शोधायचं तर व्हीलराइट ट्रॅव्हलर असं टाका, तसेच बरेच दिसतील.

का म्हणतो ते सांगतो. कडेला धार नाहीये, आणि घासून गेलेली धारही नाही, कड पहिल्यापासून सपाट आहे, म्हणजे कापायचा प्रश्नच मिटला. कातणाला नागमोडी कड असते आणि ते एवढं मोठं कोणी करत नाही. टोबायला खुणा पाडायच्या असत्या तर दाते नाहीतर खुंट्या लागल्या असत्या. आता ती एक खाच बघा, तुम्ही तिला तुटलेला तुकडा समजलात पण फोटोत तिच्या दोन्ही बाजू कानशीने घासल्यासारख्या सरळ दिसतात. ती मुद्दाम केलेली आहे, फेरा कुठून सुरू झाला ते कळायला.

काम असं चालायचं. वाढयाने, म्हणजे सुताराने, तुंबा (मधला गाभा), आरे (दांडे) आणि पुठे (बाहेरचे लाकडी तुकडे) जोडून चाक तयार केलं की लोहार त्यावर खडूची खूण करायचा, खाच त्या खुणेवर ठेवून चकती चाकाच्या बाहेरच्या कडेवरून गोल फिरवायची, फेरे मोजायचे आणि शेवटचा अर्धामुर्धा फेरा जिथे संपला तिथे चकतीवर खडू मारायचा. मग तेवढेच फेरे जमिनीवर सरळ पसरलेल्या लोखंडी पट्टीवर. यात फूट-इंच काहीच लागत नाही, आकडे न येणारा माणूससुद्धा अचूक काम करू शकतो, मला या अवजाराची हीच गोष्ट सगळ्यात जास्त आवडते. चकती कितीही इंचाची असो, दोन्हीकडे तीच फिरते म्हणून माप जुळतंच.

पण तेवढीच पट्टी कापली तर धाव बसत नाही. पट्टी वाकवली की आतली बाजू आखडते, त्यासाठी जाडीच्या साधारण तिप्पट लांबी वाढवून धरावी लागते, जोडाला टोकं एकावर एक येतात त्याची वेगळी, आणि मग यातून थोडी कमी करायची कारण धाव चाकापेक्षा जराशी लहानच हवी. किती लहान, ते पुठ्यांच्या सांध्यांत फट किती आहे ते बघून लोहार ठरवायचा आणि खरं कसब तिथे होतं. चार फुटी चाकाचा घेर साडेबारा फूट, लोखंड चारशे अंशांनी तापवलं तर एवढ्या घेरात ते पाऊण इंचाच्या जवळपास वाढतं. गोवऱ्यांच्या गोल आगीत धाव लाल व्हायची, तीन-चार जण सांडशांनी उचलून चाकावर टाकायचे, घणाने बसवायचे आणि लगेच पाणी. लहानपणी मी हे बघितलंय, पाणी पडताच धाव आवळते आणि सगळे सांधे कचकच आवाज करत बंद होतात. जास्त लहान झाली तर आरे वाकतात, सैल राहिली तर आपल्याकडच्या मे महिन्यात, पारा पंचेचाळीसला गेला की बाभळीचं लाकूड सुकून धाव निघून येते, म्हणूनच लोक चाकं नाल्यात भिजत ठेवायचे. टायरच्या बंड्या आल्या तसं हे काम गेलं आणि अशी अवजारं आढ्याला लागली.

तुमच्याकडे खात्री करायचा सोपा मार्ग आहे. चकतीच्या कडेभोवती दोरा गुंडाळून मोजा. बरोबर 24 इंच भरला तर ती फुटाच्या हिशोबाने मुद्दाम बनवलेली आहे, बाहेरून आलेले बरेच नग या मापाचे असायचे, चार फुटी चाकावर तिचे सहा फेरे आणि वर पावणेसात इंच होतात. नाही भरला तर गावच्या लोहारानेच ठोकलेली असेल आणि मला तरी ती जास्त मोलाची वाटते.

एक विनंती, ग्राइंडर अजिबात लावू नका आणि ॲसिडही नको. कड घासली की माप गेलं, आणि रिवेटजवळ शिक्का असेल तर तोही जाईल. रॉकेलमध्ये भिजवलेलं फडकं आणि नायलॉनचा ब्रश एवढं पुरे, वरून तेलाचा पातळ हात. भंगारवाला वजनाने घेईल, त्याला देऊ नका. पैसे फार येणार नाहीत पण वस्तू परत मिळायची नाही.

दांडा जिथे दुभंगून चकतीला धरतो त्या जागेचे दोन्ही बाजूंनी जवळून फोटो टाका, आणि घरात कोणी वयस्कर असतील तर त्यांना एवढंच विचारा की बंडीची धाव गावातच चढवायचे की काटोलला न्यायचे. गोठ्यात जुनं चाक पडलं असेल तर त्याचा घेरही मोजून कळवा.