बांबूला कोयता लावण्याआधी

पहिलं म्हणजे, गोव्यातल्या म्हादई किंवा नेत्रावळीच्या अभयारण्यात कोयता चालवायचा नाही. २०१७ च्या कायदादुरुस्तीने जंगलाबाहेरचा बांबू वन कायद्याच्या लेखी 'झाड' राहिला नाही, म्हणजे तो तोडायला सवलत मिळाली. अभयारण्याला ती सवलत नाही. कुळागरवाल्याला, म्हणजे सुपारीच्या बागेच्या मालकाला विचार, एखादी काठी सहसा मिळते.

काठीला, तंबूच्या खांबाला माणगा जातीचा बांबू घे. बिनकाट्याचा आणि जवळजवळ भरीव. निदान तीन वर्षांचा हवा. कोवळा सुकताना आकसतो, भुंगाही लवकर लागतो. भात शिजवायला मात्र पोकळ, हिरवा कळक. खालची गाठ शाबूत, वरचं तोंड उघडं, तांदूळ-पाणी मिळून दोन तृतीयांशच भर, तोंडात पानाचा सैल बोळा. दोन्हीकडून बंद नळी विस्तवावर ठेवलीस तर वाफ कोंडून बॉम्बसारखी फुटेल.

कोंब कच्चे खाऊ नकोस, त्यांच्यातून सायनाइड तयार होतं. काप करून भरपूर पाण्यात उकळ आणि ते पाणी ओतून दे.

बांधायला वेत काढायचं खूळ तूर्तास राहू दे. ती काटेरी वेल ओढून काढणं नवख्याचं काम नव्हे. बांधाबांध करायला ओल्या बांबूच्या पातळ पट्ट्या पुरतात.

आणि हो, बेटात हात घालण्याआधी काठीने चाळव. हिरवा चापडा साप पानांत दिसत नाही, तो विषारी असतो.