१९४७ च्या इंग्लंडमधलं समुद्रकाठचं खेडं, पहाटे वाळूवर प्रेत : कथेतल्या डिटेक्टिव्हने खुनाची वेळ कशी काढावी?

सगळा भार डॉक्टरच्या अंदाजावर टाकू नका, भरती-ओहोटीला साक्षीदार करा.

आधी वाळूवरची शेवाळ-काटक्यांची ओळ शोधा. रात्रीची भरती तिथवर चढली होती. प्रेत त्या ओळीच्या खाली, समुद्राच्या बाजूला असून अंगाखालचे कपडे कोरडे असतील, तर तिथलं पाणी सरल्यावरच ते कुणीतरी आणून टाकलंय. पाणी कधी सरलं? त्या जागी काठी रोवायची, पुढच्या ओहोटीला पाणी काठीपासून हटलं की घड्याळ बघायचं आणि १२ तास २५ मिनिटं वजा करायची. उधाणाकडून (अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती) भांगाकडे (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) जाताना पाणी रोज कमी चढतं, म्हणून हे लगेचच्या ओहोटीलाच करावं. तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ काढायचा आपला कोकणातला हिशेब तिकडे चालत नाही, प्रत्येक बंदराची वेळ वेगळी.

खरी गंमत घड्याळात आहे. १३ एप्रिल ते १० ऑगस्ट १९४७ या काळात ब्रिटनमधली घड्याळं ग्रिनिचच्या दोन तास पुढे होती, पण भरतीची छापील कोष्टकं ग्रिनिच वेळेत असत. हे दोन तास मिळवायला विसरलेल्या खुन्याची साक्ष तिथेच कोसळते. कथानकासाठी याहून चांगला धागा मला तरी दिसत नाही.

प्रेत पाण्यात राहिलेलं असेल तर डॉक्टर हमखास चकतो. उघड्यावर शरीर तासाला साधारण दीड अंश फॅरनहाइटने थंड होतं, पाण्यात जवळपास दुप्पट वेगाने. म्हणजे नेहमीचा हिशेब लावला की खून फार आधी झाल्यासारखा वाटतो. उलट गारठ्याने प्रेत ताठरायला उशीर लागतो, त्यावरून तो नुकताच झाल्यासारखा वाटतो. ही विसंगती डिटेक्टिव्हच्या नजरेत भरू द्या. पाण्यात प्रेत बहुधा पालथं, हातपाय खाली लोंबत तरंगतं. मेल्यावर रक्त शरीराच्या खालच्या बाजूला साकळतं; त्याचे पक्के डाग पाठीवर असतील तर ते आधी कित्येक तास कुठेतरी उताणं पडलेलं होतं.

बाकी तपास थोडक्यात उरका. गावचा कॉन्स्टेबल जागा राखेल, जिल्ह्याचे पोलीसप्रमुख स्कॉटलंड यार्डला बोलावतील. बोटांचे ठसे आणि रक्तगट मिळतील, डीएनए नाही. पेट्रोल रेशनवर होतं, तेव्हा प्रेत मोटारीतून आणलं असेल तर कुपनांची चौकशी हवीच. ओळखपत्रं १९५२ पर्यंत लागू होती. मृताच्या खिशात ते नसेल तर ते कुणी काढलं, हेही विचारायला लावा.